डाव्या बाजूचा दिवा

माझ्या प्रेशर कुकरच्या झाकणावर एक हिरवा ठिपका चिकटवलेला आहे. गोल, टिकलीपेक्षा जरा मोठा. तो मी लावलेला नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बागूल अप्पांनी लावलाय आणि तो काढायची माझी काय बिशाद! झालं होतं असं की कुकरची शिट्टी होत नव्हती, म्हणून मी जिन्यात सहज त्यांच्याशी बोलले. त्यांनी कुकर खाली नेला, रबर बदलला, तीनदा पाणी उकळलं, तिन्ही वेळा घड्याळ लावून शिट्ट्या मोजल्या आणि संध्याकाळी कुकर परत आणून दिला. वर हा ठिपका. म्हणाले, "पास आहे मॅडम. डाळ लावा."

बागूल अप्पा सातपूरच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं माल तपासायच्या खात्यात होते. माल आला की तपासायचा आणि ठिपका लावायचा. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे परत पाठवा. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी विचारलं, बागूल, काय देऊ तुम्हाला? लोक घड्याळ मागतात, चांदीची वाटी मागतात. या गृहस्थाने ठिपक्यांची तीन रिळं मागितली! ती अजून संपलेली नाहीत आणि आमची इंदिरानगरची सोसायटी त्याचे भोग भोगते आहे.

आमच्या लिफ्टला पिवळा ठिपका आहे, गेली दोन वर्षं. गणपतीत भाड्याने आणलेल्या स्पीकरला लाल लागला होता आणि तो बघून स्पीकरवाला भांडायला उठला होता. आमच्या चेअरमनच्या वार्षिक भाषणाच्या कागदावर, भाषण संपायच्या आत, पिवळा लागला. एका संक्रांतीला मी तिळगूळ द्यायला गेले, तर अप्पांनी एक लाडू दाताखाली धरला, डोळे मिटले आणि खिशात हात घातला. हिरवा निघाला तेव्हा कुठं जिवात जीव आला. आणि मग लगेच स्वतःचाच राग आला. पस्तीस वर्षं तिळगूळ करतेय मी, मला कुणाच्या ठिपक्याची गरज काय?

त्यांची दोन वाक्यं ठरलेली. एक, "एक पीस म्हणजे लॉट नव्हे." म्हणजे एक नमुना बघून सगळ्या मालाबद्दल बोलू नये. भाजीवाल्यापासून जावयापर्यंत कुणाचाही विषय निघो, अप्पा हे वाक्य बसवतात. आणि दुसरं, छाती जराशी पुढे काढून, "बत्तीस वर्षांत माझ्या हातून एक खोटा पीस पुढे गेला नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते झोपेतही म्हणून दाखवीन.

आता माझ्याबद्दल एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल. मी शाळेत भूगोल शिकवते आणि स्वभावाने जिज्ञासू आहे. सोसायटीतले लोक याला वेगळा शब्द वापरतात, पण माझ्या तोंडावर नाही. एखादी गोष्ट का होतेय हे कळलं नाही तर मला जेवण गोड लागत नाही. आमचे हे म्हणतात, "तुला काय करायचंय?" सगळंच काय करायचं असतं म्हणून बघायचं असतं का?

तर मागच्या दिवाळीनंतर एका दुपारी दारात अप्पा. हातात पक्कड, चिमटा आणि टोकाला फडकं गुंडाळलेलं एक उलथनं.

"मॅडम, तुमच्या गाडीतला मॅप लाइट बदलून देतो. एलईडी टाकतो. खर्च माझा."

"कुठला लाइट?"

"मॅप लाइट. वर, आरशाच्या मागं. दोन असतात, एक डावा, एक उजवा. नकाशा बघायला."

मी भूगोलाची बाई, आणि माझ्याच गाडीत नकाशा बघायचा दिवा आहे हे मला ठाऊक नव्हतं! सात वर्षं ती गाडी चालवतेय. मला फार लाज वाटली आणि मी मुकाट्याने किल्ली दिली, पण पाठोपाठ खालीही गेले. फुकट काम करणाऱ्या माणसावर नजर ठेवावी.

इमारतीखालच्या पार्किंगमध्ये भर दुपारीही अंधार असतो. अप्पांनी उलथन्याचं टोक दिव्याच्या झाकणाच्या फटीत सरकवलं आणि झाकण टक्कन सुटलं. आतून शेंगदाण्याएवढा, काजळलेला एक बल्ब काढला. त्याच्या जागी नवा दाबला. लागला नाही. मी म्हटलं, "बिघडला वाटतं." अप्पा म्हणाले, "एलईडीला उलटं-सुलटं असतं, मॅडम. उलटा बसवला की रुसतो." त्यांनी तो फिरवून बसवला आणि काय सांगू, गाडीत एकदम दवाखान्यातल्या ऑपरेशनच्या खोलीसारखा उजेड पडला. सीटच्या शिवणीत अडकलेला चिवडा दिसला. मागच्या उन्हाळ्यात हरवलेली माझी कानातली कुडी दिसली. आरशात माझं तोंड दिसलं, ते दिसलं नसतं तरी चाललं असतं.

"वा अप्पा! आता उजवीकडचा."

"उजवा नको."

"का?"

"उजवा ड्रायव्हरचा," असं म्हणून त्यांनी हत्यारं गोळा केली आणि निघून गेले.

झालं! माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. कुणी डोळा मारावा तशी माझी गाडी, एक दिवा पांढराफेक, एक पिवळट. मी चौकशी केली. आमच्या सोसायटीत अकरा गाड्या आहेत. त्यातल्या आठ गाड्यांत अप्पांनी दिवा बदलला होता आणि आठही गाड्यांत फक्त डावा. कुणाचा पांढरा, कुणाचा दुधी, कुणाचा तुपासारखा पिवळसर. बरं, एकदा बदलून गप्प बसतील तर ते अप्पा कसले? पंधरा दिवसांनी परत दारात. "मॅडम, तुमचा सहा हजारवाला काढतो, चार हजारवाला टाकतो." हे आकडे पैशांचे नव्हेत, उजेडाच्या रंगाचे; त्यालाही म्हणे तापमानच म्हणतात. आकडा मोठा तितका उजेड निळसर पांढरा. मला भूगोलात सगळे तापमानपट्टे पाठ आहेत, पण हे नवीनच होतं.

"स्वतःच्या गाडीत करा की प्रयोग!" मी एकदा वैतागून म्हटलंच.

"माझ्या गाडीत दहादा काढघाल केली तर झाकणाच्या खुंट्या तुटतील. आणि एक पीस म्हणजे लॉट नव्हे. आठ गाड्या एका रांगेत, आठ उजेड, एकाच वेळी. अशी तपासणी कारखान्यातसुद्धा करायला मिळाली नाही, मॅडम." हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला की माझा वैताग तिथंच विरला.

म्हणजे आम्ही सगळे त्यांचे नमुने होतो. ठीक आहे. पण कसली तपासणी?

ते मला एका शनिवारी दिसलं. शाळा लवकर सुटली होती. मी स्कूटर लावत होते तर पलीकडे माझ्याच गाडीचं डावं दार उघडं (किल्ली आमच्या ह्यांनी दिलेली) आणि आत अप्पांच्या पत्नी, सुमनताई. मांडीवर एक कागद. अप्पा बाहेर कमरेत वाकून उभे, हातात वही. हे दोघं सटाण्याकडचे, आमच्याशी साधं मराठी बोलतात, पण एकमेकांशी अहिराणी.

"दिखस का वं?" अप्पांनी विचारलं.

"दिखस, पन डोळाले टोचस," ताई म्हणाल्या.

अप्पांनी वहीत लिहिलं, ताईंच्या हाताला धरून त्यांना उतरवलं आणि शेजारच्या गाडीत बसवलं. तिथं पुन्हा तेच. मी खांबाआड उभी होते. नाही, लपले नव्हते, खांब तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी अप्पा बाजारात गेलेले बघून मी वाटीभर साबुदाण्याची खिचडी घेऊन ताईंकडे गेले. रिकाम्या हाताने विचारपूस करायला जाऊ नये, हा माझा नियम आहे. त्यांच्या घरात पाय ठेवला आणि डोळेच दिपले. स्वयंपाकघरात तीन ट्यूबा, देवघरावर दोन, खिडकीपाशी टेबललॅम्प. ताईंनी वाटी घेताना हात किंचित पुढे जाऊन मग मागे आला. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली.

ताई सरळ बाई, आडपडदा नाही. म्हणाल्या, "डोळ्याचा आतला पडदा झिजत चाललाय, वहिनी. मधलं पुसट दिसतं, कडेचं दिसतं. तुमचा चेहरा नाही दिसत नीट, पण हा झुमका दिसतोय. डॉक्टर म्हणाले, आता हे असंच जात राहणार. वाचायला भरपूर उजेड घ्या, एवढं म्हणाले. यांनी तेवढंच धरून ठेवलं."

"पण मग गाडीत कशाला?"

ताई हसल्या. मग त्यांनी सांगितलं ते असं. लग्न झाल्यापासून दर रविवारी दोघं सटाण्याला जातात, शेत बघायला. आधी एसटीने, मग स्कूटरवर, आणि गाडी घेतल्यापासून गाडीने. सकाळी जायचं आणि दिवेलागणीला परत निघायचं. गाडी घेतली त्या पहिल्या रविवारी परतताना अप्पांना झोप येत होती, म्हणून ताईंनी वरचा दिवा लावून वाचनालयातलं पुस्तक मोठ्याने वाचायला घेतलं. अप्पांनी जन्मात पुस्तक हातात धरलेलं नव्हतं. देवळा गावाच्या अलीकडे ते म्हणाले, "पुढं काय झालं?" तेव्हापासून एकवीस वर्षं ताई वाचतात आणि अप्पा गाडी चालवतात. कितीतरी पुस्तकं झाली. घरी वाचलेलं त्यांना ऐकवत नाही, घरी ते पाचव्या मिनिटाला उठून नळ तपासतात.

"वर्षभर झालं, अक्षरं निसटतात," ताई म्हणाल्या. "यांना वाटतं, दिवा बरोबर मिळाला की मी वाचेन. मिळेलही. काय सांगावं?"

मी खिचडीची वाटी तिथंच विसरून वर आले. त्या रात्री मला जेवण गोड लागलं नाही, आणि या वेळी कारण कळलेलं असूनही.

त्यानंतर मी बदलले. म्हणजे अप्पा आले की किल्ली आधी काढून ठेवायला लागले. इतरांनाही दटावलं. चेअरमन कुरकुरले तेव्हा म्हटलं, "दिवाच बदलतायत ना, इंजिन तर नाही काढून नेत?" कारण मात्र कुणाला सांगितलं नाही. आमच्या ह्यांना अजून खरं वाटत नाही की माझ्या पोटात एखादी गोष्ट चार महिने राहिली.

मार्चमध्ये आमच्या निनादच्या फ्लॅटची वास्तुशांत ठरली. निनाद माझा मुलगा. एकोणतीस वर्षांचा, लग्नाचा, आणि तीन वर्षं आम्ही मुली बघतोय हे आख्ख्या इंदिरानगरला माहीत. हल्ली मुलीकडचे आधी फ्लॅट विचारतात आणि मग मुलाचं नाव. म्हणून पाथर्डी फाट्याकडे फ्लॅट घेतला. मी पत्रिका छापून आणल्या. वर उठावाचा सोनेरी गणपती, खाली मजकूर. पहिली पत्रिका बागूलांना, असं ठरवून दुपारी खाली उतरले, तर अप्पा आणि ताई पार्किंगमध्येच भेटले. अप्पांची स्वतःची गाडी, डावं दार उघडं, ताई आत बसलेल्या.

"बरोबर वेळेला आलात, मॅडम," अप्पा म्हणाले. "आज फायनल इन्स्पेक्शन. आठ गाड्यांतला एक उजेड निवडलाय, चार हजारवाला, वर दुधी कागदाची चकती. टोचत नाही, पुरतो. आता आमच्या गाडीत बसवला." मग माझ्या हातातल्या पत्रिकेकडे त्यांचं लक्ष गेलं. "हे काय, आमंत्रण? द्या. आजवरचे कागद हिला पाठ झालेत. पाठ झालेल्या कागदावर तपासणी होत नाही. नवा नमुना पाहिजे."

त्यांनी पत्रिका हातभर लांब धरून स्वतः आधी वाचली, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, ओठ हलवत. पद्धत म्हणजे पद्धत. मग ती ताईंच्या हातात दिली आणि दिवा लावला. उजेड खरंच सुरेख होता. ताईंच्या मांडीवर पाटासारखा चौकोन पडला.

"वाच."

ताईंनी पत्रिका वर धरली, मग जरा तिरकी केली, मग जवळ आणली. त्यांचा अंगठा कागदाच्या वरच्या बाजूला फिरत होता. गणपतीच्या सोंडेवर येऊन थांबला. आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"श्री गजानन प्रसन्न," त्यांनी खणखणीत सुरुवात केली. "आमचे येथे श्रीकृपेकरून आमचे चिरंजीव निनाद यांचा शुभविवाह, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी..." इथं त्यांना खोकला आला. बराच वेळ आला. "...यांचेशी करण्याचे योजिले आहे. तरी या मंगलप्रसंगी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत." आणि थोडं थांबून, लाडात, "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!"

आमच्या घरात निनादला काका म्हणणारं एक पोर नाही. आणि पत्रिकेत ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, वास्तुशांत व गृहप्रवेश.

मी तोंड उघडलं. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत चाळीस पोरांना मी एका नजरेत गप्प करते, पण मला कुणी असं गप्प केलं नव्हतं. मी तोंड मिटलं.

अप्पांचा एक हात गाडीच्या टपावर होता. तो तिथंच राहिला. तपासनीस होते ते, एक प्रश्न विचारला असता तर सगळं उघडं पडलं असतं. नवरीचं नाव काय? मुहूर्त कितीचा? मी उभी होते, विचारतात का याची वाट बघत, आणि मनात म्हणत होते, नका हो अप्पा, नका विचारू.

"दिखस का वं?" ते म्हणाले. आवाज नेहमीचाच, पण जरा खाली.

"दिखस ना! झकास दिखस." ताई वळल्या, माझ्या झुमक्याकडे बघून हसल्या. "अभिनंदन हो वहिनी! गुपचूप ठरवलंत की!"

"हो ना ताई," मी म्हटलं. "अचानकच ठरलं बघा."

अप्पांनी खिशातून रीळ काढलं. ठिपका सुटेना. बत्तीस वर्षं दिवसाला शेकडो ठिपके काढलेला तो अंगठा, दोनदा घसरला. तिसऱ्यांदा निघाला. हिरवा. त्यांनी तो दिव्याच्या झाकणाला लावला, बोटाने दाबून बसवला.

"पास," म्हणाले.

संध्याकाळी ते एकटेच वर आले. मी चहा टाकला. बशीची कड बोटाने तपासली आणि म्हणाले,

"वास्तुशांतीला येतो आम्ही. साडेअकरा ना? हिला वाटेत सांगीन की लग्न पुढं ढकललं, आधी वास्तुशांत उरकतायत."

"अप्पा," मला राहवेना. माझी जीभच तशी. "बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच ना?"

"काय पहिल्यांदा?"

"खोटा पीस."

अप्पांनी मान वर केली. "मॅडम, ठिपका मी दिव्याला लावला. दिवा पासच आहे. त्याच्यात काही खोट नाही." मग चहाचा घोट घेतला आणि हळू आवाजात म्हणाले, "मला संशय होता. चारपाच महिने झाले, ती गाडीत वाचते ते पुस्तकात नाही. पुस्तक परक्या देशातलं आणि त्यातली माणसं आमच्या सटाण्याच्या गल्लीतली? भिका शिंपी काय, गोदूमावशी काय! मी म्हटलं, उजेड कमी पडत असेल. उजेड असता तर तिला बनवून सांगावं लागलं नसतं. म्हणून शोधत होतो. आज कळलं, उजेडाची गोष्ट नाही."

मी डोळे पुसायला पदर लावला आणि चहा उतू जातोय असं सांगितलं. चहा केव्हाच गाळून झाला होता.

"पण गोष्ट चांगली असते हां," अप्पा उठता उठता म्हणाले. "गेल्या रविवारी भिका शिंप्याची गाय हरवली. ती सापडायची आहे अजून."

निनादला मी त्याच रात्री फोन केला आणि सांगितलं, बाबा रे, आता लवकर लग्न कर, मी एका घरी कबूल करून बसलेय. तो म्हणाला, आई, तुझं काहीतरीच.

परवाच्या रविवारी मी गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते. सकाळचे दहा, ऊन असं की रस्त्याकडे बघवेना. बागूलांची गाडी फाटकातून बाहेर पडत होती. ताईंच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं आणि नजर समोर, रस्त्यावर. ओठ भराभर हलत होते. अप्पा मान त्यांच्याकडे कलती करून ऐकत होते. इतकी वर्षं वाचन परतीच्या वाटेवर व्हायचं, अंधार पडल्यावर. आता निघतानाच सुरू झालं होतं. आणि भर उन्हात, गाडीत डावीकडचा दिवा लागलेला होता.